लॅक्स्टनच्या खुंट्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शेतजमिनीच्या तुकड्यांवर मोठा लेख आला. लेख चांगला होता, आकडेवारी नेटकी होती. पण शेवटी लेखकाने ठोकून दिले आहे की इंग्लंडने आपल्या शेतांचे तुकडे दोनशे वर्षांपूर्वीच संपवले, तिथे आता एकही गाव तसे उरलेले नाही, आणि म्हणून ते पुढे गेले. यातले दुसरे वाक्य चूक आहे. असे एक गाव उरले आहे. मी तिथे जाऊन आलो आहे, तिथल्या चिखलात माझा एक बूट रुतून राहिला होता, त्यामुळे हे सांगणे मला भाग आहे.

आधी माझी ओळख. मी भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षे भूकरमापक होतो. सुरुवात साखळीने केली, मधली वर्षे प्लेन टेबलावर, म्हणजे मोजणीच्या फळ्यावर, गेली आणि निवृत्तीच्या आधी ईटीएस हे मोजणीचे इलेक्ट्रॉनिक मशीनही हाताळले. सोलापूर जिल्ह्यातले निम्मे बांध मी पायाखाली घातले असतील. एका बांधावर दोन सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे आणि मध्ये मी हातात साखळी घेऊन, अशीही वेळ आली आहे. म्हणून मुलगी आणि जावई नॉटिंगहॅमला स्थायिक झाल्यावर आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा किल्ले, संग्रहालये वगैरे पाहून झाल्यावर मी लेकीला म्हटले, इथली एखादी शेती दाखव. ती म्हणाली, "बाबा, इथेही मोजणीच का?" पण तिने शोधून काढले आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी आम्हाला लॅक्स्टनला नेले.

लॅक्स्टन हे नॉटिंगहॅमशर परगण्यातले लहानसे गाव आहे. टक्सफर्डच्या नैऋत्येला, पश्चिमेकडे शेरवुडचे जुने राजाचे जंगल आणि पूर्वेकडे ट्रेंट नदीचे खोरे, यांच्या मधल्या उंचसखल टापूत. 'पॅरिश' हा शब्द तिकडे सारखा कानावर पडतो. मूळ अर्थ एका चर्चच्या वाट्याची हद्द. पुढे तेच गावाच्या कारभाराचे सर्वांत खालचे एकक झाले. आपण 'मौजे अमुक' लिहितो ना, तसे. शेजारची मूरहाउस ही वाडीही लॅक्स्टनच्याच पॅरिशमध्ये मोडते. माती जड, लाल आणि चिवट. आमच्या बार्शीकडची काळी माती पावसात जशी पायताण सोडत नाही तशीच, रंग तेवढा वेगळा.

गावात शिरताच मला चुकल्यासारखे वाटले नाही, हेच पहिले आश्चर्य. इंग्लंडातल्या खेड्यांतून आम्ही बरेच फिरलो होतो. तिथे शेतकऱ्याचे घर सहसा त्याच्या शेतात, एकटे, कुंपणाच्या मधोमध असते; आपल्याकडे वस्तीवर राहायला गेलेल्या माणसासारखे. लॅक्स्टनमध्ये शेतकऱ्यांची घरे गावातच, रस्त्याला लागून. विटांची घरे, कित्येक घरांचा आखूड बाजूचा त्रिकोणी भिंताड रस्त्याकडे, मागे गोठे-कोठारे, त्यामागे लांबट परडे. हे सरळसरळ गावठाण आहे. सकाळी गावातून उठून शेतावर जायचे आणि संध्याकाळी गावात परतायचे, ही आपली जुनी रीत तिथे अजून चालू आहे. कोंडवाडासुद्धा आहे. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडायची जागा. मी हिला म्हटले, "बघ, कोंडवाडा!" ती म्हणाली, "अगोदर चहा कुठे मिळतो ते बघा."

आता शेते. गावाभोवती तीन मोठी शेते आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. शेत म्हणजे आपण ज्याला शेत म्हणतो ते नव्हे. एकेक फील्ड म्हणजे शिवारातला एकेक मोठा भाग, त्यात अनेकांचे पट्टे. एका शेतकऱ्याची जमीन सलग नाही. थोडी या फील्डात, थोडी त्या, आणि एका फील्डातही चार ठिकाणी. मध्ये बांध नाही, तार नाही, कुंपण नाही. पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझ्या डोळ्यांना हद्द सापडेना. चौतीस वर्षांची सवय, नजर आपोआप बांध शोधते. समोर नुसता हिरवा गहू, बोटभर उगवलेला, उतारावरून खाली गेलेला. मग नीट पाहिल्यावर दोन पट्ट्यांमधली बारीक सरी दिसली आणि पट्ट्याच्या टोकाला लाकडी खुंटी. हद्दीची खूण म्हणून एवढेच.

पीकपद्धती तीन वर्षांच्या फेऱ्याची. एका फील्डात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, तिसरे पडीक. त्या पडीक फील्डात आता बहुधा चाऱ्याचे गवत घेतात. पुढच्या वर्षी फेरा एक घर पुढे सरकतो. कोणत्या फील्डात यंदा काय, हे एकट्याने ठरवायचे नसते. ज्याचा पट्टा गव्हाच्या फील्डात, त्याने गहूच. पूर्वी पीक निघाले की सगळे फील्ड गावच्या जनावरांना चरायला मोकळे होई, म्हणून तर सगळ्यांची पेरणी-कापणी एका सुमारास व्हावी लागे. आणि जिथे नांगर चालत नाही अशा ओलसर ओघळांना ते 'साइक' म्हणतात. त्यातले गवत कधी नांगराखाली आलेले नाही, म्हणून तिथे इतरत्र नाहीशी झालेली रानफुले टिकून आहेत आणि त्यांना सरकारी संरक्षण आहे. या गवताचा दरवर्षी उन्हाळ्यात गावात लिलाव होतो. गवताचा लिलाव आम्हीही पाहिला आहे, पण फुलांसाठी सरकार ओघळ राखते हे ऐकून हिला फार बरे वाटले.

तुम्ही म्हणाल, असे विखुरलेले पट्टे कोणी आणि का पाडले? मला त्याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागले नाही. आमच्याकडे चार भावांची वाटणी होते तेव्हा काय होते? माळाचा नंबर एकाला, मळ्याचा दुसऱ्याला, असे कोणी कबूल करत नाही. माळात चौघांचे चार तुकडे, मळ्यात चार, ओढ्याकाठच्या काळ्या रानात चार. चांगले सगळ्यांना, वाईटही सगळ्यांना. लॅक्स्टनच्या पट्ट्यांमागे हाच हिशेब दिसतो. आपल्याकडचे अधिकारी 'अज्ञानामुळे तुकडे पडले' असे लिहितात तेव्हा मला हसू येते. तुकडे पाडताना माणसे फार हुशारीने वागलेली असतात.

माहिती केंद्रात १६३५ सालच्या नकाशाची प्रत लावली आहे. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराने चर्मपत्रावर काढलेला. त्यासमोर मी इतका वेळ उभा राहिलो की जावई दोनदा येऊन बघून गेले. एकेक पट्टा, एकेक पायवाट, प्रत्येक घर. सोबत खातेवहीही, कोणाकडे किती आणि कुठे. त्या वेळी गावात २,२००हून जास्त पट्टे होते! कडेने नांगरणारी माणसे, कापणी, शिकार अशी चित्रे काढली आहेत. आमच्या क्षेत्रफळाच्या गुणाकार बुकात आणि वाटणीच्या फाळणी नकाशात चित्रांना जागा नसते. असती तर आम्हीही एखादा बैल काढला असता. पण काम म्हणून सांगतो, रेषा स्वच्छ आहेत. पावणेचारशेहून अधिक वर्षे झाली आणि त्या नकाशातले कितीतरी रस्ते आजही तसेच चालता येतात.

हा नकाशा ज्याने करून घेतला तो त्या वेळचा गावाचा मालक, सर विल्यम कोर्टेन. नाव वाचून मी थबकलो. निवृत्तीनंतर मला जुन्या बंदरांचा नाद लागला आहे आणि कारवारच्या इंग्रज वखारीच्या हकिकतीत हे नाव वाचल्याचे आठवत होते. घरी येऊन खात्री केली, तोच हा. फ्लँडर्समधून आलेल्या कापडवाल्याच्या घराण्यातला लंडनचा बडा व्यापारी. बार्बाडोस बेटावर वसाहत करायला १६२७मध्ये यानेच पैसा घातला. १६३५च्या डिसेंबरात राजा पहिला चार्ल्स याने कोर्टेनच्या मंडळीला पूर्वेकडे व्यापार करायची परवानगी दिली आणि ईस्ट इंडिया कंपनीचा जळफळाट झाला. पुढच्या वर्षी वेडेल नावाच्या कप्तानाचा ताफा निघाला, तो गोव्याला येऊन भटकळला गेला. नंतर याच मंडळीची वखार कारवारला बसली. कोर्टेन स्वतः १६३६मध्येच वारला, ताफा इकडे पोचलेला त्याने पाहिला नाही. पण एकाच वर्षी हा माणूस नॉटिंगहॅमशरमधल्या कुळांचे पट्टे मोजून घेत होता आणि आपल्या किनाऱ्यावरच्या मिऱ्यांवर डोळा ठेवून होता. दोन्ही ठिकाणी पद्धत एकच: आधी मोजा.

मोजण्यावरून आठवले, म्हणून थोडे विषयांतर. लॅक्स्टनचा पट्टा पाहताना मला माझी साखळी दिसली. इंग्रजी एकर म्हणजे मुळात नांगराचे माप: लांबी एक फर्लांग, म्हणजे ६६० फूट, आणि रुंदी ६६ फूट. फर्लांग या शब्दाचा अर्थच 'तासाची लांबी', नांगराचे एक तास जिथपर्यंत जाते तेवढी. रुंदीचे ६६ फूट म्हणजे गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने सतराव्या शतकात रूढ केलेली साखळी. आता आमची शंकुसाखळी घ्या: ३३ फूट, तिचे सोळा आणे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. म्हणजे इंग्रज शेतकऱ्याच्या एका पट्ट्यात आपले गुंठे दोन-दोनच्या वीस ओळींत चपखल बसतात. १८३६मध्ये इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याच्या जमीन पाहणीला सुरुवात केली, ती याच मापांनी पुढे आमच्या गावापर्यंत आली. लोकांना वाटते गुंठा अस्सल गावरान आहे. नाव गावरान आहे. त्याचे चाळीसचे गणित लॅक्स्टनसारख्या शेतात नांगराच्या मागे चालत ठरलेले आहे.

तिथल्या काही गवताळ रानांत जुन्या पट्ट्यांचे वरंबे अजून उमटलेले दिसतात. उन्हे कलली की स्पष्ट दिसतात. ते सरळ नसतात, किंचित नागमोडी, उलट्या इंग्रजी 'एस' अक्षरासारखे. कारण आठ बैलांचा नांगर. एवढी लांबलचक जोडणी पट्ट्याच्या टोकाला वळवायची तर आधीपासूनच एका अंगाला झुकत यावे लागते. आमच्या आजोबांनी काळ्या रानात आठ बैली नांगर चालवला होता आणि तेही हेच सांगायचे, वळण शेवटी घेतले तर जू मोडते.

गावचा बाकीचा इतिहास थोडक्यात. विल्यम राजाने १०८६मध्ये सगळ्या इंग्लंडची जी जमाबंदी लिहून घेतली, त्या डोम्सडे वहीत लॅक्स्टन आहे. नॉर्मन सरदारांनी गावाच्या उत्तरेला मातीचा टेकाडकिल्ला उभारला. शेरवुडच्या राजवनाचे रखवालदार तिथे राहत. आता वर फक्त गवत आणि मेंढ्या. चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्यातल्या एका स्त्रीची लाकडात कोरलेली मध्ययुगीन मूर्ती आहे, त्या काळच्या दगडी मूर्तींच्या गर्दीत लाकडाची दुर्मिळ. कोर्टेननंतर गाव पियरपाँट घराण्याकडे गेले, त्यांचे वंशज पुढे अर्ल मॅनव्हर्स झाले.

मुख्य प्रश्न असा की हे वाचले कसे? कारण लेखकाचे पहिले वाक्य खोटे नाही. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या संसदेने ५,२००हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर जमीन अशी 'बंदिस्त' केली, म्हणजे सामाईक हक्क मोडून, पट्टे एकत्र करून, ज्याच्या-त्याच्या वाट्याला कुंपण घातले. उत्पन्न वाढले हे खरे. ज्यांच्याकडे दोन मेंढ्या, एक गाय आणि सामाईक रानात चारायचा हक्क एवढेच होते त्यांचे काय झाले हेही खरे. ते मजुरीला लागले नाहीतर शहरात गेले. लॅक्स्टनचीही काही जमीन हळूहळू कुंपणात गेलीच. पण पुरती गेली नाही, आणि त्याचे श्रेय कुणाच्या दूरदृष्टीला नाही. गावात मॅनव्हर्स आणि स्कारबरो असे दोन मोठे जमीनदार होते आणि त्यांचे आपसात जमेना. अदलाबदल होईना, खर्चाची वाटणी ठरेना. पुढे एकाच्या हाती बहुतेक जमीन आली तोवर शेतीला मंदी आली आणि कुंपणांवर पैसा घालायची कुणाची छाती राहिली नाही. भांडणाने गाव बुडाल्याची उदाहरणे माझ्याकडे पोत्याने आहेत. भांडणाने वाचलेले हे एकच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्ल मॅनव्हर्सने कुळांच्या सोयीसाठी बारीक पट्टे जोडून मोठे केले. आजचे पट्टे त्यामुळे रुंद आहेत, ट्रॅक्टर आरामात फिरतो. हे मुद्दाम सांगतो, कारण तिथे कोणी सातशे वर्षांपूर्वीचे नाटक करत नाही. १९५२मध्ये घराण्याने ही शेते जपली जावीत म्हणून सरकारच्या कृषी खात्याला विकली, १९८१मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजमुकुटाच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली, आणि २०२०मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे फिरून त्याच जुन्या घराण्याच्या जहागिरीकडे. खुल्या शेतांचे क्षेत्र आता पाचशे एकरांच्या आसपास उरले आहे.

आम्ही गेलो तो दिवस योगायोगाने 'ज्युरी डे' निघाला. (योगायोग कसला, लेकीने तारीख पाहूनच बेत केला होता, मला मागाहून कळले.) त्या दिवशी गावची बारा माणसांची ज्युरी आणि त्यांचा मुकादम नुकत्याच गहू पेरलेल्या फील्डात जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, गमबूट घालून, हातात मोगरी आणि नव्या खुंट्या. पट्ट्यापट्ट्याच्या टोकाला उतरायचे, जुनी खुंटी सापडते का पाहायचे, नसेल तर मोजून नवी ठोकायची. कोणी नांगर चार बोटे पलीकडे नेला का, कोणी रस्त्यात किंवा साइकमध्ये घुसला का, कोणी चर साफ ठेवला नाही, सगळे टिपायचे. दुपारी गावातल्या डव्हकोट इन या खानावळीत जेवण. एक आठवड्याने तिथेच 'कोर्ट लीट' ही जुनी गावसभा भरते, जमीनदाराच्या वतीने कारभारी अध्यक्ष असतो, ज्युरी आपले म्हणणे मांडते, चुकलेल्याला काही पौंड दंड होतो आणि पुढच्या वर्षीच्या ज्युरीला शपथ दिली जाते. हे हौसेचे नाही. १९७७च्या कायद्याने अशा जुन्या गावसभांचे अधिकार संसदेने जवळपास सगळीकडे काढून घेतले. लॅक्स्टनचे राहू दिले.

आम्ही रस्त्याच्या कडेला थांबून पाहत होतो. ज्युरीतल्या एका वयस्कर शेतकऱ्याने आमच्याकडे पाहून हात केला. मी लेकीकरवी सांगितले की मीही आयुष्यभर हेच काम केले. त्याला आधी पटेना, मग तो खूश झाला. मी विचारले, एखाद्याने रात्रीतून खुंटी हलवली तर? तो म्हणाला, हलवेल की, पण पुढच्या वर्षी ज्युरीत मी असलो तर त्याच्या पट्ट्यावरून चालणार, आणि तो असला तर माझ्या. मग त्याने मला विचारले, तुमच्याकडे किती वर्षांनी मोजता? मी म्हटले, भांडण झाले की. हे लेकीने भाषांतर केले की नाही कोण जाणे, कारण तो हसला नाही.

इथे एक कबुली देतो, नाहीतर कोणी म्हणेल म्हातारा विलायतेला जाऊन भाळला. लॅक्स्टनचे शेतकरी पट्ट्यांचे मालक नाहीत, कुळे आहेत. डोक्यावर एक जमीनदार आहे म्हणून नियम चालतो, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे कूळकायद्याने कसणारा मालक झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. आमचे वडील कूळ होते, त्यामुळे खंडाची गोडी मला कोणी सांगू नये. शिवाय प्रत्येकाने गहूच पेरा असे आज कोणा ज्वारीवाल्याला सांगून पाहा. ते सगळे इथे होणार नाही आणि होऊही नये. त्या गावातही हे सुखासुखी चालत नव्हते. जुन्या दंडांच्या नोंदी तिथे मांडल्या आहेत, त्यात शेजाऱ्याचे तास नांगरल्याचे गुन्हे मुबलक आहेत. माणसे तीच.

पण एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे, आणि आपल्या लेखात नेमकी तीच नाही. लेखकाचा सगळा भर १९४७च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्यावर आहे, तो कडक करावा की सैल, यावर. मी त्या कायद्याखालच्या एकत्रीकरण योजनेत काम केले आहे. गट पडले, नकाशे झाले, आणि कित्येक ठिकाणी कागदावर एक गट आणि रानात तेच चार जुने तुकडे, कारण बहिणीच्या नावची विहीर या तुकड्यात आणि आईची समाधी त्या. तुकडा हे दुखणे असेल, पण त्याहून मोठे दुखणे असे की रानातली हद्द गावाची राहिली नाही. ती दोन खातेदारांची खाजगी बाब झाली. एक नांगरतो, दुसरा मोजणीचा अर्ज करतो, तिसरा बघत बसतो. ज्याला बघायचे त्याने बघावे, असे कोणी ठरवलेले नाही, म्हणून कोणीच बघत नाही.

पूर्वी आपल्याकडेही असे नव्हते. शिवेचे दगड गावाला ठाऊक असत. शिवेचा वाद निघाला की गावच्या महाराला पुढे चालायला सांगत आणि तो जिथून चालेल ती हद्द मानत. त्याच्या शब्दावर दोन गावे शांत बसत, आणि त्याच माणसाला वेशीच्या आत घर बांधू देत नसत. तेव्हा जुने ते सोने असे मी म्हणणार नाही. पण हद्द चालून पाहायची असते, हे तरी गावाला कळत होते.

आता माझे म्हणणे असे. खरीप निघाल्यावर रब्बीच्या पेरणीआधी चार-आठ दिवस रान मोकळे असते. त्या दिवसांत गावातल्या दहा-बारा खातेदारांनी, दरवर्षी वेगळ्या, एकेका भागातून चालत जावे. हद्दीचे दगड आहेत का पाहावे, गेलेला दगड ज्याचा-त्याच्या समक्ष बसवावा, पाणंद कोणी खाल्ली तर वहीत लिहावे आणि ती वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. दंड करायचा अधिकार नको, नुसते वाचून दाखवले तरी पुष्कळ. रस्त्याची भांडणे आज जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ कलमाखाली नाहीतर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारापुढे जातात आणि तिथून वर वर चढत राहतात. त्यातली निम्मी पहिल्याच वर्षी चार बोटांची असतात. चार बोटे चौघांनी पाहिली तर ती हात होत नाहीत. ६६० फूट लांब पट्ट्याला एका अंगाने दोन फूट बांध सोडला तर तेवढ्यानेच जवळजवळ सव्वा गुंठा जातो, आणि आपण तो बांधही सोडतो आणि त्यावर भांडणही.

हे कागदावर सोपे वाटते, रानात नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्याच गावात मी बोलून पाहिले. तरुण पोरे म्हणाली, आता उपग्रहावरून मोजणी होते, चालायचे कशाला? मी म्हटले, उपग्रहाला दगड दिसतो, पण कोणी तो हलवला हे शेजाऱ्याला दिसते. एक जण म्हणाला, काका, तुमचा स्वतःचाच बांध अजून कोर्टात आहे ना? खरे आहे. माझ्या वडिलार्जित पाच एकरांच्या पूर्वेच्या बांधावरून शेजाऱ्यांशी नऊ वर्षे दावा चालू आहे. शेकडो लोकांचे बांध मोजले, स्वतःचा मोजायचा मला अधिकार नाही, आणि खात्यातला म्हणून माझ्या मापावर समोरच्याचा विश्वासही नाही. त्यांचेही काही चूक नाही. त्यांच्या जागी मीही ठेवला नसता.

येताना तिथल्या माहिती केंद्रातून १६३५च्या नकाशाची छोटी छापील प्रत आणली आहे. ती बैठकीत लावली आहे. परवा समोरच्या शेजाऱ्यांचा मुलगा लग्नाची पत्रिका द्यायला आला (दावा आहे म्हणून पत्रिका थांबत नाही), तो बराच वेळ नकाशापुढे उभा राहिला. त्याने विचारले, यात बांध कुठे आहेत? मी म्हटले, नाहीत. खुंट्या आहेत. मग त्याला सगळे सांगितले, चहा झाला. जाताना म्हणाला, दिवाळीनंतर एकदा जाऊ का काका आपण दोघे, नुसते बघायला, दगड कुठे होता ते. मी हो म्हटले आहे. वकिलांना सांगितलेले नाही.

पत्र लांबले, कापायचे तर कोर्टेनचा भाग कापा, खुंट्यांचा ठेवा. दावा न्यायप्रविष्ट असल्याने माझे नाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, बार्शी, जि. सोलापूर